पोषण आहाराचा चार्ज हातात आला की… नव्या गुरुजी-बाईंसाठी

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. बदलीचा नाहीतर नव्या नेमणुकीचा आदेश घेऊन तुम्ही भुदरगड, शाहूवाडी किंवा चंदगडच्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत हजर होता. चहा होतो, ओळखी होतात, आणि मग कुणीतरी हळूच किल्ल्यांचा जुडगा पुढे सरकवतं. "सर, ते पोषण आहाराचं तेवढं तुम्हीच बघा."

या 'तेवढं'मध्ये धान्याची कोठी, गॅसची टाकी, स्वयंपाक करणाऱ्या दोन-तीन मावश्या, पाच-सहा नोंदवह्या, मोबाईलमधलं एक अ‍ॅप आणि शे-सव्वाशे पोरांची दुपारची भूक एवढं सगळं येतं. डी.एड.ला यातलं काही शिकवत नाहीत. करवीर तालुक्यातल्या शाळांत मी हा चार्ज बरीच वर्षं सांभाळला, त्यातल्या दोन वर्षांत चुकाही भरपूर केल्या. त्या तुम्ही परत करू नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी थोडक्यात ओळख. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने ही योजना सुरू केली, तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि शाळेत चूल पेटली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण पोरांचा हक्क झालं, २०१५ मध्ये त्याचे स्वतंत्र नियम आले, आणि सप्टेंबर २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. गावात अजून सगळे खिचडीच म्हणतात. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते आठवीची मुलं यात बसतात. विनाअनुदानित खासगी शाळा बसत नाहीत, त्यामुळे शेजारच्या इंग्लिश मीडियमचं पोर भावाबरोबर पंगतीला आलं तर वाढायला कुणी नको म्हणणार नाही, पण लाभार्थ्यांच्या आकड्यात ते धरायचं नाही.

चार्ज घेताना आधी काटा, मग सही

आधीच्या शिक्षकांची नोंदवही उघडायची, अखेर शिल्लक बघायची आणि तोच आकडा आपल्या चार्ज यादीत उतरवायचा, अशी आपल्याकडे पद्धत पडलीय. ती मोडा. प्रत्येक पोतं, प्रत्येक डबा काट्यावर चढवा. नोंदवहीत तांदूळ १८४ किलो आणि काट्यावर १७१ भरला, तर यादीत दोन्ही आकडे लिहा, शेजारी फरक लिहा, आणि देणाऱ्याची, घेणाऱ्याची व शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घ्या. अवघडल्यासारखं होतं, कबूल आहे. पण 'माणूस चांगला आहे' हा शेरा ऑडिटमध्ये चालत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये ते तेरा किलो तुमच्या नावावर असतात.

दोन गोष्टी हमखास विसरतात. गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते बघा. निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या नावावरची टाकी बुक करायला त्यांच्या घरी फोन लावावे लागतात. दुसरं म्हणजे अ‍ॅपला जोडलेला मोबाईल नंबर. तो बदलला नाही तर ओटीपी गडहिंग्लजला बदलून गेलेल्या सरांच्या खिशात वाजत राहतो आणि तुम्ही इथे बसून असता.

पैसा कुठून येतो, किती येतो

तांदळाचा सगळा खर्च केंद्राचा. तो भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून उचलून शाळेपर्यंत येतो. डाळ-कडधान्य, तेल, मीठ-मसाला, भाजी, इंधन यांचा मिळून जो खर्च, त्याला 'अन्न शिजवण्याचा खर्च' म्हणतात, आणि तो केंद्र-राज्य ६०:४० असा वाटून घेतात. १ मे २०२५ पासूनचा दर असा: बालवाटिका आणि पहिली ते पाचवी, दर मुलामागे दर दिवशी ६.७८ रुपये, सहावी ते आठवी १०.१७ रुपये. पहिल्या आकड्यात केंद्राचे ४.०७ आणि राज्याचे २.७१. त्याआधी १ डिसेंबर २०२४ पासून हेच दर ६.१९ आणि ९.२९ होते, त्याच्याही आधी १ ऑक्टोबर २०२२ पासून ५.४५ आणि ८.१७. जुनं बिल जुन्या दराने, नवं नव्या दराने. ज्या दिवशी जेवण झालं त्या दिवशी जो दर लागू होता तोच लावायचा. हे वाचेपर्यंत त्यापुढचा दर आलाय का, तेही तालुक्याला विचारून घ्या.

इथे नवा माणूस एकदा तरी दचकतो. तो ६.७८ ला पोरांच्या संख्येने गुणतो, पासबुक बघतो आणि 'बाकीचे गेले कुठं?' म्हणून घामाघूम होतो. कुठेही गेलेले नसतात. आपल्याकडे ग्रामीण भागात डाळ, कडधान्य, तेल, मसाला, मीठ हा माल जिल्ह्यासाठी नेमलेला पुरवठादार शाळेत आणून टाकतो. त्याचे पैसे वरूनच वळते होतात. शाळेच्या वाट्याला रोख येते ती इंधन, भाजीपाला आणि पूरक आहाराची. तेवढ्याचाच हिशेब तुमच्या कॅशबुकात. कोल्हापूर-इचलकरंजीसारख्या शहरात तर बऱ्याच ठिकाणी अन्न केंद्रीय स्वयंपाकगृहातून डब्यांत येतं. तिथे शिजवायची कटकट नाही, पण डबे किती वाजता आले, किती भरले होते आणि चव कशी होती, हे लिहायची कटकट आहेच.

पैसे उशिरा का येतात, हेही कळलेलं बरं. शाळा यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत, पटसंख्या भरते, त्यावरून राज्याचा वार्षिक आराखडा तयार होतो, दिल्लीत कार्यक्रम मान्यता मंडळ तो मंजूर करतं, केंद्राचा हप्ता येतो, राज्य आपला वाटा घालतं, मग पुण्याचं प्राथमिक शिक्षण संचालनालय, मग जिल्हा परिषद, मग तालुका, मग तुम्ही. एवढ्या जिन्यांवरून उतरताना पैसा मध्ये दम खातोच. पण पहिलीच पायरी तुमच्या हातात आहे. यू-डायसला पट चुकला तर वर्षभराचं गणित तिथेच बिघडलं.

भांड्यांसाठीही निधी असतो आणि तो मागावा लागतो. पट ५० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, ५१ ते १५० ला १५,०००, १५१ ते २५० ला २०,००० आणि त्यापुढे २५,०००. पाच वर्षांनी बदलीची भांडी घेता येतात. कितीतरी शाळा तळ काळा पडलेल्या त्याच पातेल्यात दहा-दहा वर्षं शिजवतात, केवळ मागणी कुणी केली नाही म्हणून.

रोजचं गणित

पहिली ते पाचवीच्या मुलाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ-कडधान्य २०, भाजी ५०, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात. यातून लहान गटाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्याला ७०० आणि २० मिळावीत, असं कायद्यातच लिहिलंय. पाचवी प्राथमिकात धरायची, ती वरच्या गटात ढकलायची नाही.

समजा आज पहिली ते पाचवीची ७६ आणि सहावी ते आठवीची ४२ पोरं जेवली. तांदूळ ७.६ अधिक ६.३, म्हणजे १३.९ किलो. डाळ १.५२ अधिक १.२६, म्हणजे २.७८ किलो. भाजी ६.९५ किलो, तेल ६९५ ग्रॅम. खर्चाच्या दराने ५१५.२८ अधिक ४२७.१४, एकूण ९४२.४२ रुपये. महिन्याचे २२ दिवस धरले तर तांदूळ ३०६ किलोच्या आसपास लागतो. हा आकडा डोक्यात असला की पुढच्या महिन्याची मागणी करताना अंदाज चुकत नाही, आणि कुणी विचारलं तर वही शोधावी लागत नाही.

मावशींना किलो-ग्रॅमची भाषा नको. त्यांच्याकडे एक ठरलेलं माप असतं, बहुतेक जुना डालड्याचा डबा किंवा पितळी मापटं. ते एकदा काट्यावर भरून बघा आणि त्यावर रंगाने लिहून टाका. आमच्या डब्यात सपाट भरला की १ किलो ६५० ग्रॅम तांदूळ मावायचा. शिगोशीग भरला तर जवळजवळ दोन किलो. फरक एवढाच, पण वर्षाचा हिशेब त्या शिगेनेच बिघडवला होता. सकाळी हजेरी झाली की साडेदहापर्यंत आकडा मावशींना द्यायचा, आणि पटावरचा नाही, हजर पोरांचा. डबा घेऊन आलेली, न जेवणारी दोन-चार असतात, ती वजा करायची.

गाडी आली

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. पावसाळ्याचे दिवस, शेवटचा तास, दारात टेम्पो. ड्रायव्हर म्हणतो, "सर, अजून चार शाळा हायत, अंधार पडतोय, सही द्या." मी सहा पोती मोजली, 'पूर्ण मिळाले'वर सही ठोकली आणि वर्गात परत गेलो. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "सर, पोतं हलकं लागतंय ओ." काट्यावर चढवलं तर कुठे दीड किलो कमी, कुठे दोन. सहांत मिळून अकरा किलो. अकरा किलो म्हणजे लहान गटातल्या ११० पोरांचं एका दिवसाचं जेवण. तक्रार केली, पण पावतीवर सही माझीच होती. ते अकरा किलो मी शेवटी बाजारातून विकत आणून भरले आणि घरी सांगितलं नाही.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. शाळेत काट्यावर मोजून देणं ही पुरवठादाराचीच जबाबदारी आहे, तेव्हा गाडीबरोबर काटा नसेल तर माल उतरूच द्यायचा नाही, किंवा आपल्या काट्यावर मोजून घ्यायचा. बारदानाचं वजन वजा करायचं. पावतीच्या दोन्ही प्रतींवर प्रत्यक्ष भरलेलं वजन स्वतःच्या हाताने लिहायचं, तारीख आणि गाडीचा नंबर लिहायचा, मग सही. समितीचा एखादा पालक जवळ असला तर त्याचीही. संध्याकाळी पाचनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी मी माल घेतच नाही. ड्रायव्हर चिडतो, दुसऱ्या वेळेपासून लवकर येतो.

वजनाबरोबर मालही बघा. पोत्याच्या तोंडाचा तांदूळ सगळेच बघतात. तुम्ही परखी (पोत्यात खुपसायची टोकदार नळी) घालून मधला काढा. तळहातावर पसरा, वास घ्या. कुबट वास, पिवळे-काळे दाणे, जाळी, टोके दिसले तर परत. तेलाच्या पिशव्या आणि मसाल्याच्या पाकिटांवर मुदत छापलेली असते, ती ड्रायव्हरसमोर वाचा. प्रत्येक मालाचा थोडा नमुना पिशवीत घालून, मोहोर करून, तारीख टाकून कपाटात ठेवला की पुढे वाद झाला तर बोलायला हातात काहीतरी असतं.

पोत्यावर 'फोर्टिफाइड' छापलेलं असेल तर पालकांना आधीच सांगून ठेवा. या तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून बनवलेले दाणे मिसळलेले असतात, शंभर किलोला एक किलो या हिशेबाने. ते दाणे थोडे वेगळे दिसतात, पाण्यात काही वर तरंगतात. मग एखाद्या पालकाचा व्हिडिओ फिरतो, 'शाळेत प्लास्टिकचा तांदूळ'. मी पालकसभेत दहा-बारा दाणे बशीत काढून भिजवले आणि बोटाने चुरून दाखवले. पुढे विषय निघाला नाही. मावशींना मात्र सांगावं लागतं की तरंगणारे दाणे निवडून फेकू नका आणि तांदूळ सात पाण्यांनी धुऊ नका.

कोठी आणि पाऊस

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीलाच बुरशी येते, तिथे तांदळाची काय कथा. पोती जमिनीवर ठेवायची नाहीत, लाकडी फळ्यांवर किंवा मोडक्या बाकांवर ठेवायची, भिंतीपासून हातभर लांब. आधी आलेलं आधी वापरायचं. हे लिहायला सोपं आहे, पण नवं पोतं नेहमी दाराजवळ असतं आणि मावशी तेच उघडतात. म्हणून पोत्यावर खडूने महिना लिहा. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. कीटकनाशकाची पावडर कोठीच्या आसपासही नको.

पंचगंगा, वारणा, कृष्णेकाठच्या शाळांसाठी एक वेगळं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ चा आकडा मोबाईलवर आला की मी ४३ ची वाट बघत नाही. त्याच दिवशी पोती वरच्या मजल्यावर, नसेल तर गावातल्या उंचावरच्या समाजमंदिरात, नोंदवह्या आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या घरी. एवढं करूनही धान्य भिजलंच, तर वाळवून वापरायचा मोह टाळा. फोटो काढा, तलाठी-ग्रामसेवक आणि समितीच्या समोर पंचनामा करा, किती किलो गेलं ते वजनाने लिहा आणि प्रत तालुक्याला द्या. पंचनाम्याशिवाय ते धान्य कागदावर शिल्लकच राहतं आणि वर्षअखेरीला तुमच्याकडे मागितलं जातं.

चुलीपाशी

पट २५ पर्यंत असेल तर एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० ला दोन, पुढे दर शंभरामागे एक. १३१ पटाला तीन. निवड शाळा व्यवस्थापन समिती करते. केंद्राच्या हिशेबात त्यांचं मानधन महिना १,००० रुपये आणि तेही वर्षातले दहाच महिने. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून २०२३ मध्ये ते २,५०० केलं. मला ही रक्कम आजही लाजिरवाणी वाटते. दोन तास आधी येऊन डाळ निवडणारी, पन्नास ताटं घासणारी बाई त्यात महिना काढते. निदान तिचं बिल तुमच्या टेबलावर अडकू देऊ नका. मानधन थेट बँक खात्यात जातं, तेव्हा आयएफएससी कोड आणि आधार जोडणी वर्षाच्या सुरुवातीलाच तपासा. बँकांच्या विलीनीकरणात कोड बदलले आणि आमच्या एका मावशीचं चार महिन्यांचं मानधन त्या एका ओळीपायी लटकलं होतं.

एकाच पंगतीत सगळी पोरं बसतात, आणि शिजवणारी कुठल्या जातीची यावर तडजोड नाही. एखाद्या गावात कुजबुज होतेच. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलापाशी थांबून शाहू महाराज चहा पीत, त्या कोल्हापुरात आपण नोकरी करतो. मी जास्त भाषण करत नाही, मीच पहिलं ताट घेऊन पोरांत बसतो.

चव घेण्याचा नियम याच्याशी जुळतो. पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवून बघायचं, त्यात एक शिक्षक हवाच, शिवाय मावशी आणि मिळाला तर एखादा पालक. मग चव नोंदवहीत शेरा. बहुतेक शाळांत या वहीत महिनाभर 'चांगली' एवढंच लिहिलेलं असतं, तेही एका पेनाने, एका बैठकीत. 'मीठ कमी', 'डाळ कच्ची, दहा मिनिटं परत शिजवली' असं लिहिलेली वही जास्त खरी वाटते. शिजलेल्या अन्नाचा नमुना झाकणाच्या डब्यात २४ तास ठेवायचा.

या नियमांना कंटाळलात की जुलै २०१३ आठवा. बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत हेच जेवण जेवून २३ मुलं गेली. कीटकनाशकाचं रिकामं भांडं तेलासाठी वापरलं होतं. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात तणनाशक-कीटकनाशकाचे पाच लिटरचे कॅन घरोघरी आहेत, छान धुतलेले, पांढरे शुभ्र. त्यातला एकही स्वयंपाकघरात दिसता कामा नये, पाण्यासाठीसुद्धा नाही.

ताटात काय

पाककृती राज्य ठरवतं. जून २०२४ मध्ये तीन पदार्थांची रचना आली: भाताचा प्रकार, मोड आलेली कडधान्यं, आणि गोड. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि खिरीच्या साखरेचा वेगळा राज्यनिधी थांबला, ते आता लोकसहभागातून करायचं. म्हणून शासन निर्णय वाचताना आधी तारीख बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ कधीकधी दोन वर्षं जुनी असते. व्हेजिटेबल पुलाव, मूगडाळ खिचडी, मटकीची उसळ, मूग-शेवग्याचं वरण हे पदार्थ आपल्या पोरांना नवे नाहीत. फक्त घरच्या कांदा-लसूण चटणीची सवय असल्याने 'सर, सपक हाय' ही तक्रार येणारच. मावशींच्या हातून चटणीचा चमचा सुटू देऊ नका, पहिलीतली पोरं पाणी पिऊनच पोट भरतात.

भाजीचे पैसे कमी पडतात, हे मान्य करून पुढे चला. परसबाग त्यावरचा खरा उपाय. शेवगा, कढीपत्ता, मेथी, दोडक्याचा वेल एवढं आपल्या मातीत सहज येतं. हात धुतलेलं पाणी तिकडे वळवलं की वेगळं शिंपावं लागत नाही. चंदगड-आजऱ्याकडे पालक नाचणी देतात, कागल-करवीरला गुऱ्हाळवाले गुळाच्या ढेपा देतात. मागितलं तर गाव देतं. वाढदिवस, पुण्यतिथी, यात्रा अशा निमित्ताने कुणी जेवण किंवा फळं देणार असेल तर ते तिथी भोजन. त्याची नोंद ठेवा आणि तेही अन्न आधी चाखा. लग्नाचं उरलेलं मात्र घ्यायचं नाही. सरपंचांच्या घरचं असलं तरी. मी एकदा दोन पातेली जिलेबी परत पाठवली, महिनाभर नमस्कार बंद होता.

नोंद त्याच दिवशी

साठा नोंदवही, लाभार्थी नोंदवही, चव नोंदवही, कॅशबुक, भेट नोंदवही. आणि अ‍ॅप. अ‍ॅपमध्ये रोज हजर किती, जेवली किती, काय शिजलं ते भरायचं. किती तांदूळ लागला ते अ‍ॅप त्या आकड्यांवरून आपोआप वजा करतं. रेंज नसलेल्या गावात शिक्षक टेकडावर जाऊन भरतात, तेही चालेल, पण उद्यावर ढकललं की राहिलेल्या दिवसासाठी तालुक्याला विनवण्या कराव्या लागतात.

आता न बोललं जाणारं बोलतो. साठा जुळत नसला की हजेरी 'जुळवून' घ्यायचा सल्ला तुम्हाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी देईल. ७६ जेवली, ८२ दाखवा, तूट भरून निघते. असं एकदा केलं की तुमच्या वर्गाची हजेरी, अ‍ॅप, लाभार्थी वही आणि साठा या चारही ठिकाणी खोटं एकसारखं लिहावं लागतं, आणि त्या दिवशी पोरगं आजारी म्हणून घरी होतं हे त्याच्या आईला पक्कं आठवत असतं. तूट आली तर तूट लिहा. उंदराने पोतं फाडलं, दोन किलो सांडलं, समितीच्या बैठकीत ठराव करा. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काट्यावर प्रत्यक्ष शिल्लक मोजायची आणि वहीशी ताडून बघायची, तासाभराचं काम आहे. महिन्याची तूट समजते तरी. वर्षाची तूट कुठून आली हे कुणालाच सांगता येत नाही.

जेवण थांबलं तर

गॅस संपला, तांदूळ आला नाही, मावशी आजारी. २०१५ चे नियम इथे तुमच्या बाजूने आहेत, पण फार थोड्या शाळांना ते माहीत असतात. धान्य किंवा पैसे तात्पुरते नसतील तर मुख्याध्यापकाला शाळेतला दुसरा उपलब्ध निधी वापरून जेवण चालू ठेवता येतं, आहाराचा निधी आला की तो परत भरायचा. उचलताना समितीला सांगून ठराव करून ठेवा म्हणजे पुढे कुणी बोट दाखवत नाही. तरीही एखाद्या शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाहीच, तर त्या मुलांना तेवढं धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावी लागते. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर राज्य सरकारला जबाबदारी निश्चित करावी लागते. म्हणून बंद पडलेल्या पहिल्याच दिवशी केंद्रप्रमुखांना लेखी कळवा. फोन करा, पण फोननंतर दोन ओळींचं पत्रही द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. तीन दिवसांनी जबाबदार कोण हे शोधायला जो येतो, तो आधी आवक-जावक बघतो.

भेट आणि तपासणी

केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, पंचायत समितीचे पोषण आहार अधीक्षक, कधी जिल्ह्याचं पथक, आणि सामाजिक अंकेक्षणात तर गावकरीच. बहुतेक जण ऑफिसात न बसता थेट स्वयंपाकघरात जातात, पातेल्याचं झाकण उचलतात आणि जवळच्या पोराला विचारतात, "काल काय होतं रे?" आमच्याकडे दुसरीतला एक जण म्हणाला, "काल खिचडी न्हाई सर, उसळ हुती, मी दोनदा घेतली." नोंदवहीतही उसळच होती, म्हणून मी निवांत उभा होतो.

साहेबांनी काही त्रुटी लिहिली तर वाद घालू नका, तिची पूर्तता करून आठवड्यात खाली तारीख टाकून लिहून ठेवा. दुपारची वेळ असेल तर त्यांनाही पंगतीत बसवून ताट वाढा. चव नोंदवहीत त्या दिवसाचा शेरा त्यांच्याच अक्षरात मिळतो.